हाताला वळण नाही

भांडं पाडणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. धांदरट, वेंधळी, गबाळी, अजागळ. शिवाय ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे आहेच. बाईमाणूस असेल तर एक खास ठेवणीतलं, ‘हाताला वळण नाही’. चाळिशी ओलांडेपर्यंत हे सगळं मी ऐकत आले. याला एक नाव आहे, हे तीन वर्षांपूर्वी कळलं. डिस्प्रॅक्सिया.

नाव जड आहे, गोष्ट तशी साधी. हातात ताकद असते, डोकं शाबूत असतं. पण मेंदूने हालचाल आखायची आणि ती क्रमाने हातापायांकडून करून घ्यायची, तिथं गोंधळ होतो. तुमचा हात जे आपोआप करतो ते आम्हाला प्रत्येक वेळी ठरवून करावं लागतं. बुटाची नाडी, साडीच्या निऱ्या, कुलपात किल्ली, गाडीवर असताना डावं-उजवं. शाळकरी मुलांत याचं प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के धरतात. म्हणजे ४० च्या वर्गात दोघं. ती दोघं कोण हे वर्गाला बरोबर माहीत असतं, खेळाच्या तासाला ज्यांना कुठलाच संघ घेत नाही ती! मोठेपणी हे आपोआप जातं असंही नाही. अनेकांत ते राहतं, फक्त माणूस लपवायला शिकतो.

मला कळलं ते भाच्यामुळे. त्याला पुण्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं होतं. मॅडम त्याला मणी ओवायला देत होत्या, मी बाजूला त्याचा फॉर्म भरत होते. माझ्या पेन धरण्याकडे बघत त्या म्हणाल्या, “ताई, तुमचंही लहानपणापासून असंच आहे का?” हे घराण्यात येऊ शकतं म्हणे. पुढे माझीही रीतसर तपासणी झाली. पण खरा उपयोग झाला तो मॅडमनी दोघींना विचारून दिलेल्या फोन नंबरांचा. दोघीही माझ्यासारख्याच, चाळिशीच्या आसपासच्या.

आता आम्ही नऊजण आहोत. एक बँकेत, एक कॉलेजात गणित शिकवतात, दोघी गृहिणी, एक कुरियरच्या ऑफिसात, बाकीचे असेच. दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जमतो. पहिल्यांदा गेले तेव्हा चहा आला तो मोठ्या मगात, अर्धाच भरलेला. उरलेला किटलीत, हवा त्याने घ्यावा. ‘सांभाळून हं’ असं कोणी म्हणालं नाही. वीस वर्षं पत्रकार परिषदांतला काठोकाठ कपबशीतला चहा मी ‘ॲसिडिटी आहे’ सांगून टाळत आलेय. तिथं कळलं की बँकेतले काका त्याच कारणासाठी ‘उपास आहे’ सांगतात. आठवड्यातून चार उपास! इतकं हसलो आम्ही.

काम होतं ते अशा बारीकसारीक गोष्टींनी. शिवून घेतलेल्या निऱ्यांची साडी. नाडीऐवजी इलॅस्टिक. चिरताना पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. डाव्या हातात अंगठी, म्हणजे वळताना डावं कुठलं ते बघता येतं. डॉक्टर यातलं काही सांगेलही, पण ज्याची बोटं कापली गेलीत त्याने सांगितलेलं वेगळं असतं.

त्यातली एक गृहिणी सांगत होती, लग्नानंतर वर्षभर सासूबाई तिच्या पोळ्या आल्यागेल्याला दाखवायच्या. हसत हसत सांगत होती आणि मध्येच थांबली. कोणी समजूत घातली नाही. खोलीतल्या प्रत्येक बाईला आपापल्या पोळ्या आठवत होत्या. पुरुषांनाही हे असतं, मुलांत तर मुलींपेक्षा जास्त आढळतं. पण पुरुषाला पोळी गोल लाटता येत नाही म्हणून कोणी त्याच्या आईवडिलांचं वळण काढत नाही.

आता कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकारात डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलंय. पण ती व्याख्याच सुरू होते भाषेपासून. वाचणं, लिहिणं, समजणं, गणितं करणं यांतली अडचण. हातापायांच्या हालचालीबद्दल त्यात अवाक्षर नाही. आमच्यातला कुरियरवाला मुलगा प्रमाणपत्रासाठी गेला तेव्हा त्याच्याकडून उतारा वाचून घेतला आणि म्हणाले, “वाचता तर छान येतंय की.” संपलं. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही तर नोकरीतल्या आरक्षणाचा विषयच नाही. तिथंही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून जागा १ टक्का. तो मुलगा आरक्षण मागत नव्हताच. हाताने पावत्या लिहिण्याऐवजी टाइप करू द्या, एवढंच त्याला साहेबांकडे मागायचं होतं. कागद नाही म्हणून तेही मिळालं नाही.

ब्रिटनमध्ये १९८७ साली, मुलांच्या हॉस्पिटलात ओळख झालेल्या दोन आयांनी यासाठी संस्था काढली. पुढे ती देशभर पोचली, मोठ्या माणसांसाठीही काम करू लागली. २०२४ मध्ये पैशांअभावी बंद पडली. तिथं ही गत, तर आमच्या नऊजणांचं काय, हा विचार मला नेहमी येतो. आमच्याकडे बँक खातंही नाही. किटली आहे.

आपल्या गावात मी चौकशी केली. लहान मुलांसाठी जिल्ह्याच्या गावी सोय आहे, मोठ्यांना तपासणारं कोणी मला सापडलं नाही. पुढच्या दिव्यांग शिबिराआधी सिव्हिल सर्जनना लेखी प्रश्न देणार आहे, की अठरा वर्षांवरच्या माणसाने यासाठी कुठं जायचं आणि तिथं त्याची हालचाल तपासणार की नुसतं वाचन. उत्तर आलं की इथंच टाकते.

आणि घरात असं कोणी असेल, किंवा वाचताना स्वतःचंच वाटलं असेल, तर फोन करा. नंबर बहुतेकांकडे आहेच. नाव कुठं छापणार नाही. दिवाळीनंतरची बैठक माझ्याकडे ठेवलीय. पोळ्या बाहेरून मागवणार आहे.