टेबल नको, स्टँड हवा

आमच्या घरात कॉम्प्युटरचं टेबल नाही. जेवणाच्याच टेबलाच्या एका टोकाला एक बुटका लाकडी स्टँड आहे, त्यावर मॉनिटर. खाली फरशीवर चार चाकांची पट्ट्यापट्ट्यांची गाडी, तिच्यावर सीपीयू. दोन्ही मी घरी केलेले. येणारे-जाणारे विचारतात की एवढं सागवान होतं तर सरळ चांगलं टेबलच का नाही केलं? सांगलीचा माणूस असेल तर तो हा प्रश्न सहसा विचारत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमचं घर तळमजल्यावर. सीपीयू, मॉनिटर, कागदपत्रांची बॅग आणि गादीची वळकटी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेता आली, तेव्हाचं कॉम्प्युटरचं टेबल मात्र जिन्याच्या वळणावर अडलं आणि परत खाली आणून ठेवावं लागलं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर ते भुश्याच्या दाबलेल्या फळीचं टेबल भिजवलेल्या पोह्यांसारखं फुगलं होतं. कीबोर्डचा कप्पा ओढला तर चॅनेल हातात आणि स्क्रू जागच्या जागी भुश्यात. असल्या फळीत एकदा निघालेला स्क्रू पुन्हा पकड धरत नाही, दुरुस्ती म्हणून काही नसतेच. त्याच घरातली सागवानी चौकट चिखल धुतल्यावर होती तशी उभी. दार दोन महिने जरा जड लागायचं, एवढंच.

तेव्हाच ठरवलं, की जे एका माणसाला एका खेपेत जिन्याने वर नेता येणार नाही असं काही या मशीनसाठी करायचं नाही. बाकी सगळी मापं या एका अटीतून निघाली.

लाकूड घरचंच होतं. मिरजेला मामांचं जुनं घर उतरवलं तेव्हा एका दाराची फळी मी हौसेने आणून माळ्यावर टाकली होती. वरून काळपट, राखाडी, कोणी सरपणात घातली असती तरी हळहळ वाटू नये अशी. गल्लीतल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी नखाने कड खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "सर, सागच हाय. पण रंधा मारायच्या आधी खिळं हुडका. पातं गेलं तर माझ्याकडं येऊ नका."

जुन्या लाकडातले खिळे डोक्याशी तुटलेले असतात, वर रंगाचे थर बसलेले, डोळ्यांना दिसत नाहीत. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि फळीवरून बोट-बोट सरकवत गेलो. जिथे हाताला ओढ जाणवेल तिथे खडूची खूण. पटाशीने भोवतीचं लाकूड जरासं उकरायचं, पकडीने खिळा धरायचा, आणि उपटायचा नाही तर डावी-उजवीकडे हलवत बाहेर काढायचा. निघालेले खिळे चौकोनी होते, ऐरणीवर ठोकून केलेले, आणि त्यांच्याभोवती लाकडात काळा डाग उतरलेला. सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ याच भागाला गेला आणि खरं सांगायचं तर सर्वात जास्त मजाही यातच आली.

रंधा मिस्त्रींचाच. सागात अंगचं तेल असतं तशी सिलिकाही असते, त्यामुळे पातं भराभर बोथट होतं आणि दर थोड्या वेळाने दगडावर घासावं लागतं. रेषेच्या दिशेने रंधा मारला तर लांब कुरळे छिलके निघतात, उलटा मारला की लाकूड उसळतं. पहिला राखाडी थर गेला आणि खालून मधासारखा पिवळा रंग आणि तो ओळखीचा, किंचित चामड्यासारखा वास आला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली ती वासानेच. जाडी सहा सुतांवर, म्हणजे पाऊण इंचावर आणली. लांबी २४ इंच, रुंदी ९.

उंचीवर मात्र घरात वाद झाला. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, हा साधा नियम. टेबल ३० इंच, आमचा साडेअठरा इंची मॉनिटर त्याच्या स्वतःच्या पायासकट १४ इंच, म्हणजे वरची कड ४४ वर. खुर्चीत ताठ बसलो की माझे डोळे जमिनीपासून ४८ इंचांवर येतात. पूर आल्यापासून मी मॉनिटरखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून काम भागवत होतो. पण बायको बचत गटाचे हिशेब करते ती माझ्यापेक्षा बुटकी, तिची मान त्या गठ्ठ्याने वर व्हायची. मान वर करून तासभर आकडे भरणं हे वाकून बसण्यापेक्षा वाईट.

मग स्टँड तीन इंचांचाच केला आणि त्याच्या दोन पायांखाली सरकवायला एक-एक इंचाच्या दोन पट्ट्या वेगळ्या कापल्या. पायांच्या तळाला उथळ खाच आहे, पट्टीला तेवढीच उभट कड. पट्टी खाचेत बसली की धक्क्याने हलत नाही. तीन इंचांत कीबोर्डही खाली सरकतो आणि जेवायच्या वेळी ताटाला जागा होते. पाय वरच्या फळीला खाच घेऊन स्क्रूने जोडले, डिंक लावला नाही. साधा पांढरा डिंक पाण्यात दम धरत नाही, आणि स्क्रू काढले की सगळं सपाट होऊन कपाटामागे जातं.

सीपीयूची गाडी सोपी. आमच्या कॅबिनेटचा पॉवर सप्लाय खालून हवा ओढतो, त्यामुळे सलग फळी नको होती. चार पट्ट्या, मध्ये बोटभर फटी. शहाबादी फरशीच्या सांध्यांत बारकी चाकं अडकतात म्हणून दोन इंची रबरी चाकं घेतली, पुढच्या दोन्हींना ब्रेक. लादी पुसताना गाडी सरकवायची, बस्स. पूर्वी सीपीयू जमिनीला टेकलेला होता तेव्हा पोछ्याचं पाणी आणि केर दोन्ही आत जायचं, एकदा तर उबेला पाल येऊन बसली होती.

पॉलिश चपडीचं करणार होतो. मिस्त्रींनी आठवण करून दिली की त्यावर गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उठतं, आणि आमच्या घरात कप कुठेही टेकतात. म्हणून जवसाचं उकळलेलं तेल, कापडाने पातळ चोळून, मध्ये दिवसभर वाळू देऊन. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. मी दोरीवर पसरून वाळवले.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. मॉनिटर मुलीने घेतला, सीपीयू मी, स्टँड बायकोने काखेत मारला, गाडी शेवटी आली. वळणावर कोणी अडलं नाही. वरच्या शेजाऱ्यांनी आमचा स्टँड त्यांच्या टीव्हीखाली लावून पाहिला आणि आता त्यांनाही तसाच हवा आहे, पण त्यांच्याकडे फळी नाही आणि वखारीतला सागाचा भाव ऐकून ते गप्प बसले. आंब्याच्या लाकडाचाही होईल म्हटलं, नीट वाळलेलं घ्या, भुंगा लागणार नाही अशी औषधफवारणी करून घ्या. अजून विचार चालू आहे.

पट्ट्यांचा वाद तेवढा मिटलेला नाही. माझं काम झालं की मी त्या काढून ठेवाव्यात, असं ठरलं आहे. बायको म्हणते मी ठेवत नाही, मी म्हणतो ती काढते तेव्हा सापडणार नाही अशा जागी ठेवते. मागच्या आठवड्यात एक पट्टी खिडकीच्या झडपेला अडकण म्हणून लावलेली मिळाली.