कायद्याचे प्रात्यक्षिक आणि देपालपूरची तहसील

देपालपूर, जि. इंदूर

चि. भाचीस,

विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला पोचूनही खऱ्या पक्षकाराशी दोन शब्द बोलण्याची वेळ न आलेल्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक कोठे आणि कसे करावे, हा तुझ्या पत्रातला प्रश्न एकट्या इंदूरच्या महाविद्यालयांपुरता नाही. भारतात विधी शिक्षणाची चर्चा जेव्हा जेव्हा झाली तेव्हा तो पुढे आला आहे, आणि नवल असे की नियमांच्या पुस्तकात त्याचे उत्तर बरेचसे तयार आहे.

भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिलने, १९९७ मध्ये चार प्रात्यक्षिक विषय सर्व विधी महाविद्यालयांना सक्तीचे केले. त्यांतला एक विषय लोकहिताची वकिली, विधी सहाय्य आणि अर्धविधी सेवा यांचा होता; अर्धविधी सेवा म्हणजे वकील नसलेल्या पण कायद्याची जुजबी माहिती असलेल्या व्यक्तीने गरजूला कागदपत्रांत आणि कार्यालयांत केलेली मदत. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत चार विषय राहिले, पण हा विषय जाऊन त्याच्या जागी लवाद, मध्यस्थी आणि तडजोड यांचा विषय आला, आणि विधी सहाय्य हे परीक्षेतून उठून संस्थेच्या कर्तव्यांच्या यादीत जाऊन बसले. प्रत्येक संस्थेने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य केंद्र, म्हणजे सर्वजण ज्याला लीगल एड क्लिनिकच म्हणतात ते, चालवावे आणि त्याचा कारभार शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने पाहावा, असे ते कर्तव्य आहे. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी करत नाहीत आणि ज्याची तपासणी कोणी मनापासून करत नाही ते संस्था करत नाहीत, एवढे व्यवहारज्ञान नियम करणाऱ्यांना असायला हवे होते.

गुण आहेत ते अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे मूट कोर्टाच्या विषयात. त्याच्या १०० गुणांपैकी ३० काल्पनिक खटल्यांतील युक्तिवादाला, ३० एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहण्याला, ३० पक्षकाराच्या मुलाखती आणि दाव्याची पूर्वतयारी पाहून त्यांची नोंद ठेवण्याला आणि उरलेले १० तोंडी परीक्षेला आहेत. या नोंदींची वही मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवली जाते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असते, अध्यापकांना ठाऊक असते, आणि दोघेही सही झाली की समाधान मानतात. त्यातही नियमाने मुलाखत 'पाहायची' आहे, घ्यायची नाही.

मुलाखत घेण्याला कायद्याची आडकाठी मात्र नाही. आडकाठी आहे ती न्यायालयात उभे राहण्याला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३३ न्यायालयापुढे वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिवक्त्यालाच देते. कलम ३२ प्रमाणे एखाद्या विशिष्ट प्रकरणात न्यायालय इतर कोणालाही उभे राहू देऊ शकते, पण त्या भरवशावर शिक्षणक्रम आखता येत नाही. अमेरिकेत तेथील वकील संघाने १९६९ मध्ये विद्यार्थ्याला देखरेखीखाली न्यायालयात उभे राहू देणारा नमुना नियम केला, तसा नियम आपल्याकडे नाही. त्याहून मोठी अडचण अध्यापकाची आहे. जेरोम फ्रँक या अमेरिकी विधिज्ञाने १९३३ मध्ये विधी विद्यालय हे रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासारखे का असू नये असा प्रश्न विचारला होता. त्या तुलनेचा भारतापुरता विचार केला तर चित्र असे दिसते की वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक सकाळी रुग्ण तपासतो आणि दुपारी शिकवतो, तर विधी महाविद्यालयातला पूर्णवेळ पगारी प्राध्यापक वकिलीच करू शकत नाही. म्हणून येथे क्लिनिकला बाहेरचा वकील लागतोच, आणि तो नसला की क्लिनिकचे शिबिर होते.

शिबिर म्हणजे गावात मंडप, प्रमुख पाहुणे, स्त्रियांचे हक्क या विषयावर भाषण, फलकासमोर छायाचित्र आणि संध्याकाळी परतीची बस. कायदेविषयक जागृती ही वाईट गोष्ट नव्हे, परंतु शिबिरात विद्यार्थी सांगतो आणि गाव ऐकते, तर क्लिनिकमध्ये ते उलट व्हायला हवे. शिबिराची जबाबदारी त्या दिवशी संपते, आणि क्लिनिकची त्या दिवशी सुरू होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, बार कौन्सिलशी विचारविनिमय करून प्रात्यक्षिक विधी शिक्षणाचे कार्यक्रम आखणे आणि विद्यापीठांत व महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे उभी करण्यास मार्गदर्शन करणे हे काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत मोफत विधी सेवा मिळते. ती तालुका पातळीवर देणारी समिती कलम ११-अ खाली नेमलेली असते आणि हद्दीतला ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी तिचा अध्यक्ष असतो. देपालपूरची तहसील विधी सेवा समिती ती हीच.

इंदूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या या तहसिलीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाचे वलय नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच तिचा मोठा गुण आहे. होळकरांच्या काळापासून हा मुलूख शेतीचा; येथील बहुतेक तंटे जमिनीचे, पोटगीचे, धनादेश न वटल्याचे आणि रस्ता अपघाताच्या भरपाईचे असतात. अर्जीनवीस, स्टॅम्पविक्रेता, वकिलाचा मुंशी आणि पटवारी या सर्वांशी एकाच फेरीत गाठ पडते, आणि कायदा कोणकोणत्या हातांतून पक्षकारापर्यंत पोचतो हे येथे उघड दिसते.

एक प्रकार सविस्तर पाहावा. शेतकरी वारतो, शेत मुलगे आणि त्यांची आई यांच्या नावे चढते, आणि लग्न झालेल्या मुलीचे नाव वंशावळीतच येत नाही, हे माळव्यात काय आणि महाराष्ट्रात काय, नित्याचे आहे. मध्य प्रदेशात जमिनीच्या नोंदी १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे होतात; महाराष्ट्रातल्या फेरफाराला येथे नामांतरण म्हणतात, मोजणीला सीमांकन, सातबाऱ्याचे काम खसरा करतो आणि शेतकऱ्याकडे जी भू-अधिकार ऋण पुस्तिका असते तिला लोक पावती म्हणतात. अशी मुलगी क्लिनिकमध्ये येते तेव्हा भावांनी जमीन खाल्ली एवढेच सांगते, तेही माळवीत, आणि मध्येच रडते. पाठ्यपुस्तक वाचून आलेल्या विद्यार्थिनीला २००५ ची हिंदू वारसा दुरुस्ती पाठ असते, विनीता शर्मा खटल्याचा २०२० चा निकालही ठाऊक असतो. ठाऊक नसते ते हे की आधी काय विचारावे. वडील कोणत्या तारखेला वारले. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली की वडिलोपार्जित. नामांतरणाचा आदेश कधीचा आणि त्याची प्रमाणित नक्कल मिळाली आहे का. मुलीला नोटीस लागली होती का. सहमतीच्या कागदावर अंगठा असेल तर तो तिचाच का, आणि तो उठवताना कागद तिला वाचून दाखवला होता का. ही उत्तरे तारखांच्या क्रमाने एका पानावर मांडली की अर्धे प्रकरण उभे राहते, आणि नेमके हेच करायला कामाने वेढलेल्या वकिलाला सवड नसते.

त्यानंतर वाटा फुटतात. तहसीलदाराच्या आदेशावर भू-राजस्व संहितेच्या कलम ४४ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, मुदत टळली असल्यास विलंब माफ करण्याच्या अर्जासह. कलम १७८ खाली बंटवारा, म्हणजे खात्याची वाटणी मागता येते. परंतु त्यात मालकीचा प्रश्न निघाला तर दिवाणी दावा लावता यावा म्हणून तहसीलदाराने कामकाज तीन महिने थांबवायचे असते. आणि दिवाणी न्यायालय तर आहेच, कारण नामांतरणाच्या नोंदीने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातूनच गेलेल्या जितेंद्र सिंह प्रकरणात २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. कोणती वाट धरायची हे वकील सांगेल, पण निवड पक्षकाराची. भावांशी वैर घेऊन शेत मिळवावे की माहेरचा उंबरा राखावा, हा विचार ती स्त्री करतच असते, आणि पुष्कळ बायका जाणूनबुजून दुसरी वाट धरतात. तिला हक्कांवर व्याख्यान देऊन दाव्याला उभी करणे ही विद्यार्थिनीची मर्दुमकी ठरत नाही. तिने प्रत्येक वाटेचा खर्च, काळ आणि परिणाम सांगावा आणि गप्प राहावे. गप्प राहणे हे मुलाखतीच्या शास्त्रातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि मूट कोर्टात ते शिकवता येत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा येथेच येतो. वकिलाला पक्षकाराने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ हे बंधन दुभाषे आणि वकिलाचे कारकून वा कर्मचारी यांनाही लावते. विद्यार्थ्याचे नाव त्या कलमात नाही. म्हणून विद्यार्थिनीने स्वतंत्रपणे ऐकून घेतलेल्या हकिकतीला या कलमाचे संरक्षण आहेच असे धरून चालणे धोक्याचे, आणि समितीच्या यादीवरील वकिलाच्या हाताखाली, त्याच्या दप्तरात नोंद होऊनच मुलाखत घेणे शहाणपणाचे.

फौजदारी बाजूचे काम मोजणीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या अर्ध्या मुदतीइतका, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एक तृतीयांश मुदतीइतका तुरुंगवास भोगला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही. इंदूरच्या मध्यवर्ती कारागृहातील कैद्यांच्या अटकेच्या तारखा, कलमे आणि शिक्षा यांचा तक्ता करणे हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल. पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेण्याचे काम निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेकडे दिले. ते विधी महाविद्यालयाकडे गेले नाही, हे विधी महाविद्यालयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इतरत्र पाहायचे तर गोव्यात, मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयाने गावोगावी विधी सहाय्य कक्ष चालवण्याची परंपरा ठेवली आहे आणि विद्यार्थी अध्यापकांसह तेथे जाऊन दाखले, प्रतिज्ञापत्रे, अर्ज अशी कामे करतात. कामे किरकोळ वाटतात. परंतु त्याच गावात पुन्हा जावे लागते, आणि मागच्या खेपेचा अर्ज का अडला याचे उत्तर त्याच माणसाला द्यावे लागते.

हे 'पुन्हा जाणे' बार कौन्सिलच्या नियमांत नीट बसत नाही. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची हवी, पण वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नको, अशी मर्यादा आहे. आणि तहसिलीत एका पेशीपासून, म्हणजे सुनावणीच्या तारखेपासून, दुसऱ्या पेशीपर्यंतच तेवढा काळ सहज जातो. तेव्हा एका विद्यार्थिनीने एक प्रकरण शेवटास नेण्याची आशा धरू नये. प्रकरणाचे दप्तर एका तुकडीने दुसऱ्या तुकडीला सोपवावे, त्यात मुलाखतीची टिपणे, तारखांचे पान, नकलांची यादी आणि पुढच्या पेशीला काय करायचे आहे याची एक ओळ असावी, आणि पक्षकाराला नवी विद्यार्थिनी कोण हे जुनीनेच सोबत येऊन सांगावे. मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नयेत. पावती तर नाहीच, कारण जामिनाला तीच लागते.

देपालपूरला येण्यापूर्वी प्राचार्यांचे पत्र समितीच्या अध्यक्षांच्या नावे घ्यावे, आणि त्यात विद्यार्थ्यांची संख्या दोनच ठेवावी. दहाजण आले की त्याचे शिबिर होते. पत्राचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे, त्यात देखरेख करणाऱ्या वकिलाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. ते नाव समितीकडून कळल्यावरच भरावे.

कळावे,
तुझा मामा