कृष्णाकाठचा आवा

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीकडे निघाले की कृष्णामाई कधी जवळ येते, कधी लांब जाते. पण तिच्या गाळाचा पोयटा वाटभर सोबत असतो. आपण शेतकरी त्यात ऊस पाहतो, कुंभार मडके पाहतो. नुसती काळी माती त्याच्या कामाची नाही. ती वाळताना तडकते, हे उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या रानावरून आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून पोयट्यात चाळलेली राख आणि लीद घालून चिखल पायांनी तुडवायचा. चुनखडीचा खडा मात्र वेचूनच काढावा लागतो. ज्वारीएवढा जरी राहिला, तरी आव्यात त्याचा कळीचा चुना होतो, पुढे ओल लागून तो फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या घागरीचा टवका उडवतो.

चाकावरून उतरते ती घागर अर्धीच. तिचे पोट आतून दगडी गुंडा धरून, बाहेरून लाकडी थापीने ठोकठोकून वाढवायचे. माती चाळण्यापासून आवा रचण्यापर्यंत घरातल्या बायांचे हात लागतात. नाव तेवढे चाकावरच्या पुरुषाचे!

खरी कसोटी आव्याची. खाली लाकूड नि शेणी, वर मडक्यांची रास, पुन्हा जळण, त्यावर पाचट आणि राखमातीचा थर. आधी जाळ मंद ठेवायचा, कारण ओल राहिलेले मडके एकदम तापले तर वाफेने फुटते. आच साधारण ६०० अंशांपुढे गेली की मातीचा पुन्हा चिखल होत नाही. तोवर रात्र जागून काढायची. मध्येच वळीव कोसळला, तर खळ्यावरची रास भिजावी तशी गत.

पूर्वी ही जोखीम त्याची एकट्याची नव्हती. कुंभार बारा बलुतेदारांतला. सुगीला त्याचे धान्य ठरलेले असे. आता फुटक्या मडक्याचा धनी तो एकटाच. रांजणाची जागा प्लॅस्टिकच्या पिंपाने घेतली, आणि कितीतरी घरे वीटभट्टीकडे वळली. तरी संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट आणि आषाढातल्या बेंदराचे मातीचे बैल त्याच्याच हातचे लागतात.

घागर घेताना टिचकी मारून पाहावी. खणखणीत वाजली तर भाव पाडून मागू नये. बद्द वाजली तर चीर असते. घरी आणल्यावर ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि बाहेरून तेलकट हात लावू नये. छिद्रे बुजली की पाणी गार होत नाही.