मेलेला दात उजळताना

समोरचा एक दात काळवंडला की माणूस हसताना ओठ मिटतो. मुलगी असेल तर दुपट्टा तोंडावर जातो. आमची थोरली सहावीत असताना शाळेच्या पायरीवर पडली आणि वरच्या पुढच्या दाताला मार बसला. वर्षभराने तिथे पू झाला, रूट कॅनॉल करावे लागले. दुखणे गेले, दात मात्र हळूहळू राखाडी होत गेला.

ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आली आणि रिश्ते येऊ लागले, तसा या दाताचा विषय घरात रोजचा झाला. कुणी मीठ-लिंबू सुचवले, कुणी कोळशाची पूड. फुफींचे म्हणणे, “कॅप बसवून टाका, आठवड्यात काम संपेल.”

आम्ही दोघे तिला घेऊन दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी समजावले, की हा डाग बाहेरचा नाहीच. मार लागला की दाताच्या आतले रक्त बारीक नळ्यांत शिरते, त्यातले लोह तिथेच अडकते आणि दात काळा दिसू लागतो. मिस्वाकने दात आणि हिरड्या स्वच्छ राहतात, पण ती आतल्या डागापर्यंत पोहोचत नाही. लिंबाने तर वरचे कवचच झिजते. आणि कॅपसाठी चांगला मजबूत दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. बिघडला आहे तो फक्त रंग, म्हणून आधी आतून उजळून पाहावे, असे त्यांचे मत पडले.

त्यासाठी तीन औषधे आहेत.

पहिले, ३० ते ३५ टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड. ते झटपट काम करते, पण हिरडीला लागले तर भाजते. पूर्वी ते दातात घालून वरून उष्णता देत. १९७९ साली हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी असे उपचार झालेल्या काही दातांची माहिती प्रसिद्ध केली. ते दात पुढे मुळापाशी बाहेरून झिजले होते. लहानपणी मार लागलेल्या दाताला हा धोका जास्त, असे ऐकल्यावर आमच्या काळजात धस्स झाले.

दुसरे, सोडियम परबोरेट. ही पांढरी पावडर पाण्यात ओल्या वाळूसारखी कालवून दातात बंद करतात. तिच्यातून पेरॉक्साइड हळूहळू सुटते. १९६३ साली नटिंग आणि पो यांनी ती पाण्याऐवजी तीव्र पेरॉक्साइडमध्ये कालवण्याची रीत मांडली. परंतु नुसत्या पाण्यानेही शेवटी जवळजवळ तेवढाच फरक पडतो, फेऱ्या मात्र वाढू शकतात. युरोपात हा पदार्थ प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत आहे. दातात जाते ती मात्रा अगदी थोडी असते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. पण यादीची गोष्टही लपवली नाही.

तिसरे, कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल. ३५ टक्के जेलमधून सुमारे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. म्हणजे ते पहिल्याइतके जहाल नाही, आणि मुळाच्या बाहेर झिरपण्याचे प्रमाणही कमी.

फुफींना घाई होती. आम्ही निर्णय लेकीवर सोडला. ती म्हणाली, “अम्मी, दात माझ्यासोबत जन्मभर राहायचा आहे. महिना लागला तर लागू दे.” तिने तिसरे निवडले.

आधी एक्स-रे काढून रूट कॅनॉल नीट भरले आहे ना, ते पाहिले. मग हिरडीच्या पातळीला आत सुमारे २ मिलिमीटर सिमेंटचा थर दिला, म्हणजे औषध मुळाकडे उतरत नाही. त्यावर जेल, कापूस आणि तात्पुरते सिमेंट. दर आठवड्याला जेल बदलले. तिसऱ्या फेरीनंतर दात शेजारच्या दाताला बराचसा जुळला. पक्के फिलिंग मात्र आणखी दोन आठवड्यांनी केले. आत उरलेला ऑक्सिजन निघून गेल्याशिवाय ते दाताला घट्ट धरत नाही. रमजानचा चाँद दिसण्याआधी सारे आटोपले, अल्हम्दुलिल्लाह.

पुढे रिश्ता ठरत असताना या दाताची हकीकत आम्ही मुलाकडच्यांना आपणहून सांगितली. काही वर्षांनी रंग पुन्हा थोडा उतरू शकतो, हेही सांगितले. मुलाच्या आईने ऐकून घेतले आणि विचारले, “आता दुखत तर नाही ना?” एवढेच.

ज्यांच्या घरी असा दात असेल त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: कोणते औषध घालणार आणि किती तीव्रतेचे? मुळाकडे सिमेंटचा थर देणार का? उष्णता तर देणार नाही ना? आणि काम झाल्यावरही अधूनमधून एक्स-रे काढून घ्यावा. मुळाची झीज सुरुवातीला दुखत नाही. ती एक्स-रेमध्येच दिसते.