तिसरा कुठं राहिला?

"ये पुतले घर में नक्को," अम्मी म्हणाली. तिच्या तळहातावर प्लास्टिकची तीन माणसं होती. तिन्ही बसलेली, एकेक भुईमुगाच्या शेंगेएवढी.

शारजाहून भाईजाननं माझ्या मुलासाठी खोकं पाठवलं होतं. वर विमानाचं चित्र होतं, म्हणून ते खेळणं असेल असं त्याला वाटलं. उघडून पाहिलं तर प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले असंख्य राखाडी तुकडे, बारीक अक्षरातलं माहितीपत्रक, स्टिकर आणि ही तीन माणसं. मुलानं दहा मिनिटांत नाद सोडला. मला मात्र तो लागला.

पुतळे आणि तसविरी असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं आम्ही लहानपणापासून अम्मीच्या तोंडून ऐकत आलो. या बाबतीत आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, मुलांच्या बाहुल्यांना सवलत असल्याचंही सांगितलं जातं, हे मला ठाऊक आहे. पण भाकरी थापणाऱ्या अम्मीशी मुबाहसा करण्याइतका शहाणा मी अजून झालेलो नाही. तिन्ही माणसं मी काडेपेटीत घातली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या टेबलाच्या खणात नेऊन ठेवली.

त्यातून जी अडचण उभी राहिली, तिची अम्मीला कल्पना नव्हती आणि मलाही नव्हती. हे विमान उघड्या कॉकपिटचं आहे. माणसं बसवली की त्यांचे खांदे, टोप्या आणि गुडघे बरंच काही झाकून टाकतात, आत थोडंफार रंगवलेलं असलं तरी भागतं. माणसं काढली की तीन उघड्या खोबणी उरतात आणि त्यात बघणाऱ्याची नजर थेट तळापर्यंत जाते. माणसं नाहीत म्हटल्यावर त्यांच्या जागा तरी खऱ्या असायला हव्यात.

विमानाचं नाव फेअरी स्वोर्डफिश. १९३६ साली ते ब्रिटिश नौदलात आलं. जगभर धातूची, एका पंखाची विमानं येऊ लागली होती, त्या काळात हे दोन मजली पंखांचं, पुढून पत्र्याचं आणि मागून कापडाचं. वैमानिक त्याला 'स्ट्रिंगबॅग' म्हणत. बायका बाजाराला नेतात ती जाळीची पिशवी, जिच्यात काहीही कोंबलं तरी मावतं. टॉर्पेडो, बॉम्ब, सुरुंग, काहीही लटकवा, ते उडायचं. पुरा जोर लावला तरी वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पोटाखाली सुमारे ७०० किलोचा टॉर्पेडो असला की तेवढाही नाही.

वर्गात मी 'निस्बत और तनासुब' शिकवतो. मराठी शाळेत त्यालाच गुणोत्तर आणि प्रमाण म्हणतात. फळ्यावर नकाशाचं प्रमाण लिहून किती पिढ्यांना उदाहरणं सोडवायला लावली असतील, पण एकास अठ्ठेचाळीस म्हणजे काय, हे मला या खोक्यानं शिकवलं. १३.८७ मीटरचे पंख शाळेतल्या फूटपट्टीएवढे होतात. आठ सेंटीमीटरची तबकडी मोहरीच्या दाण्याएवढी. पाच सेंटीमीटर रुंदीचा पट्टा एक मिलिमीटरचा. उलट बाजूनं हिशोब केला तर आणखी गंमत. खोबणीच्या काठाचं प्लास्टिक एक मिलिमीटर जाड होतं, म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ पाच सेंटीमीटर जाडीची भिंत झाली. आपल्या घरांच्या भिंतीसारखी! आणि खरी भिंत तर पत्र्याची आणि कापडाची. दाढीच्या पात्यानं काठ आतून तासत बसलो, तो कागदासारखा होईपर्यंत. दोनदा बोट कापलं.

वैमानिकाची जागा सगळ्यांत पुढे आणि उंच. समोर काळी पाटी. तिच्या मध्यभागी आंधळ्या उड्डाणाची सहा यंत्रं, वर तीन, खाली तीन: वर वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उतार, खाली उंची, दिशा आणि वळण. रात्री किंवा ढगात बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा माणसानं फक्त या सहा तबकड्यांवर विश्वास ठेवायचा. त्यांच्या कडा मी कोरड्या ब्रशानं उजळल्या. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून फडक्याला पुसून घ्यायचा, तो जवळजवळ कोरडा झाला की उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. काटे सुईच्या टोकानं काढले. काचेसाठी प्रत्येकीवर पारदर्शक वॉर्निशचा एक थेंब. डावीकडे इंजिनाच्या तरफा, मध्ये दांडा, त्याच्या डोक्यावर कडं, खाली पायांच्या बाजूला होकायंत्र.

सगळ्यांत जास्त वेळ कॉकपिटच्या बाहेरच्या एका वस्तूनं घेतला. वैमानिकाच्या समोर दोन बाजूंना दोन आडव्या दांड्या, त्यांवर ओळीनं बारीक दिवे. टॉर्पेडो नेमका जहाजावर सोडून उपयोग नसतो, तो पाण्यातून पोचेपर्यंत जहाज पुढे गेलेलं असतं. म्हणून शत्रूच्या जहाजाच्या वेगाचा अंदाज बांधायचा, त्या वेगाचा दिवा जहाजावर धरायचा आणि विमान सरळ ठेवायचं. पाण्यावर जेमतेम पंधरा-वीस मीटर, समोरून तोफा चाललेल्या, आणि वीस-बावीस वर्षांचा पोरगा दिव्यांची ओळ बघत गणित करतोय. हे दिवे मी मोबाईलच्या जुन्या चार्जरमधल्या तांब्याच्या तारेवर फेविकॉलचे कण वाळवून केले.

रंगाचा प्रश्न वेगळाच. विमान उडत होतं त्या काळातले बहुतेक फोटो काळे-पांढरे. त्यामुळे आतल्या सांगाड्याला चंदेरी रंग द्यायचा की ब्रिटिश विमानांचा राखाडी हिरवा, यावर हौशी लोकांत चकमकी चालतात. ब्रिटनमध्ये एक स्वोर्डफिश उडण्याच्या स्थितीत जपलेलं आहे. त्याचे रंगीत फोटो मिळाले तेव्हा मी आनंदानं तेच समोर ठेवून निघालो होतो. मग लक्षात आलं की त्याच्यात आजच्या काळातलं रेडिओयंत्र आहे. आज उडायचं तर ते हवंच. जपलेली वस्तू म्हणजे जुनी वस्तू नव्हे, हे तेव्हा समजलं. शेवटी मी राखाडी हिरवा दिला आणि जिथं हात-पाय घासत असतील तिथं पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली.

पट्ट्यांसाठी अम्मीच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी वापरली. वैमानिकाचे चार पट्टे, त्यांना भोकं, भोकांतून एक खीळ. ती चांदी कापताना अम्मीनं बघितलं आणि जवळ येऊन बसली. आयुष्यभर तिनं शिलाई मशीन चालवलेलं आहे. कापडाचं विमान म्हटल्यावर तिला ते पटेना. मी सांगितलं, लिननचं कापड पंखांच्या फासळ्यांना दोऱ्यानं शिवायचे, टाक्यांवर पट्टी चिकटवायचे आणि वरून डोप नावाचा लेप द्यायचे. लेप वाळला की कापड डफासारखं ताणलं जायचं.

"मतलब कांजी," ती म्हणाली. मग नखानं पंख तपासत, "टांके तो अच्छे लेने पड़ते होंगे."

मधली जागा निरीक्षकाची. नकाशे, पट्टी, कंपास, आणि खाली फक्त समुद्र, ज्याच्यावर खूण म्हणून काहीच नाही. जहाज जिथून सोडलं तिथं ते परतल्यावर नसतंच, कारण तेही चालत असतं. परतीचा हिशोब याच्याकडे. वैमानिकाशी बोलायला यंत्र नव्हतं, गॉस्पोर्ट नळी होती. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला कान. निरीक्षक आणि मागचा तारायंत्री यांना वैमानिकासारखे खांद्यावरचे पट्टे नव्हते. कमरेला एक पट्टा, त्याची कडी तळाशी अडकवलेली, म्हणजे उभं राहता यावं. २६ मे १९४१ रोजी बिस्मार्कवर हल्ला करताना जॉन मोफॅट या वैमानिकाचा निरीक्षक असाच अर्धा बाहेर वाकून लाटा बघत होता. खळगा की उंचवटा, हे पाहूनच टॉर्पेडो सोडायचा इशारा द्यायचा होता. मोफॅट यांनीच हे पुढे सांगितलं. ती कडी मी केसाएवढ्या तारेची केली. ती दिसत नाही.

शेवटची जागा तारायंत्र्याची. बिनतारी संदेशही त्याचेच आणि मागची मशीनगनही त्याचीच. ही जागा किती अरुंद होती ते मोजमापांतून कळत नव्हतं, एका प्रसंगातून कळलं. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्लिश खाडीतून जाणाऱ्या जर्मन युद्धनौकांवर सहा स्वोर्डफिश गेली. सहाही पडली. अठरांपैकी तेरा जण मेले. बचावलेल्या पाचांत एडगर ली नावाचा निरीक्षक होता. त्याच्या मागचा तारायंत्री गोळ्या लागून मेला, तेव्हा लीनं बंदुकीपाशी जायचा प्रयत्न केला, पण मृताला बाजूला सारता येईना. एवढी जागाच नव्हती. मग तो उभा राहून मागून येणाऱ्या विमानांकडे बघत वैमानिकाला ओरडून सांगत राहिला, कुठं वळ ते. हे वाचल्यावर मी मागच्या खोबणीतलं माझं बाक पुन्हा काढून अरुंद केलं. आधी चुकून ऐसपैस झालं होतं.

अशा तिन्ही जागा तयार झाल्या. मग स्टिकर लावायच्या आधी, कुठल्या विमानाचे आहेत ते नीट वाचलं. ते टारांटोच्या हल्ल्यात टॉर्पेडो नेणाऱ्या एका विमानाचे होते.

११ नोव्हेंबर १९४० ची रात्र. इलस्ट्रियस या जहाजावरून दोन लाटांत एकवीस स्वोर्डफिश निघाली, इटलीचं टारांटो बंदर सुमारे तीनशे किलोमीटरवर. जाऊन परत यायला नेहमीचं पेट्रोल पुरत नव्हतं. म्हणून साठ गॅलनची जादा टाकी घेतली. बॉम्ब नेणाऱ्यांना ती पोटाखाली बांधता आली. त्यांतल्या एकाची वाटेत सुटून पडली आणि त्याला परतावं लागलं. पण टॉर्पेडोवाल्यांचं पोट भरलेलं. त्यांची टाकी निरीक्षकाच्या जागेत बसवली, निरीक्षक सरकला मागच्या जागेत, आणि तारायंत्र्याला जहाजावरच ठेवलं. तीन युद्धनौकांना टॉर्पेडो लागले. दोन विमानं परत आली नाहीत. एकातले दोघे कैद झाले, दुसऱ्यातले दोघे मेले.

म्हणजे ज्या मधल्या जागेवर मी अकरा रात्री घालवल्या होत्या, तिथं त्या रात्री ना खुर्ची होती, ना नकाशा. पेट्रोलची टाकी होती.

मी दोन दिवस विमानाकडे गेलो नाही. आमच्या मोहल्ल्यात कोण येऊन सांगणार होतं, की मास्तर, टाकी कुठाय? स्टिकर न लावता ठेवलं तरी चाललं असतं. पण मुलांच्या वह्यांत उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली की मी अर्धे गुण कापतो. तिसऱ्या रात्री पातं घेऊन बसलो आणि खुर्ची, फळी, नकाशा उचकटायला लागलो.

"क्यों तोड़ रा रे? इत्ती मेहनत से बनाया था."

मी सांगितलं. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. सांगताना मी दोन मेले, दोन धरले गेले, तीन जहाजांना टॉर्पेडो लागले असा हिशोब देत होतो. तिनं हात मध्येच थांबवला.

"वो तीसरा किधर रह गया फिर?"

"जहाज पे."

"सबके सबके तीसरे?"

"हाँ."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रात भर आस्मान देखते बैठा होगा."

टाकी मी जाड स्ट्रॉच्या तुकड्याची केली, तिला गोळ्यांच्या चांदीचे दोन पट्टे घातले. काढलेली खुर्ची, फळी आणि पोस्टाच्या तिकिटाच्या कोपऱ्याएवढा नकाशा टाकून देववेना. दुसऱ्या दिवशी ते शाळेत नेलं आणि खणातल्या काडेपेटीत घातलं. तिघेही तिथं आहेत, रंग न दिलेले. तिसरा कोणता ते ओळखता येतं. त्याचे हात बंदूक धरण्यासाठी पुढे केलेले आहेत.