पाण्याची वाट

वैशाखातील दुपारी थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोरची खांदेरी आणि उंदेरी ही दोन्ही बेटे उन्हाच्या धगीत थरथरताना दिसतात. अशाच एका दुपारी आमच्या फ्रिजमधील बर्फ पाडणारे यंत्र बंद पडले. एरवी ही किरकोळ बाब ठरली असती. पण त्या दिवसांत आमच्या घरात बर्फ मोजून दिला जात होता.

वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा डायालिसिस आणि दिवसभरात मोजकेच पाणी, असा डॉक्टरांचा दंडक होता. आत गेलेले पाणी बाहेर टाकण्याची शक्ती शरीरात उरली नाही, की अधिकचा प्रत्येक घोट पायांवर सूज आणि छातीवर भार होऊन राहतो. तहानेला मात्र हे कळत नाही. रुग्णालयातील एका परिचारिकेने उपाय सुचवला : घोटाऐवजी बर्फाचा खडा द्यावा. घोट क्षणात उतरतो. खडा तोंडात काही मिनिटे तरी राहतो. एका खड्यात जेमतेम तीन चहाचे चमचे पाणी असते, हे आम्ही वितळवून मोजले होते. दिवसाला आठ खडे ठरले. त्यांची नोंद मी एका वहीत ठेवत असे.

ज्या माणसाने एकतीस वर्षे बर्फाच्या कारखान्यात काढली, त्याच्या वाट्याला आता आठ खडे आले होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन तिथे जात असे. पत्र्याच्या उंच डब्यांत गोडे पाणी भरून ते मिठाच्या पाण्याच्या टाकीत उतरवलेले असत. दाबून आणि निववून द्रव केलेला अमोनिया नळ्यांतून फिरे. तिथे त्याचा पुन्हा वायू होताना तो भोवतीची उष्णता ओढून घेई. मिठामुळे टाकीतील पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नसे. डब्यांतील गोडे पाणी मात्र हळूहळू गोठून त्याची लादी होई. एका मोठ्या लादीला दिवसाहूनही अधिक वेळ लागे. मग ती लादी फोडली जाई आणि तो चुरा होड्यांच्या खणांत जाई. मासळीइतकाच बर्फ हवा, नाहीतर वैशाखातील उष्मा संध्याकाळपर्यंत माल नासवतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असते. थळच्या खत कारखान्यात 1985 पासून अमोनियाचा युरिया होऊ लागला, तेव्हा वडील म्हणत, ‘‘त्योच अमोनिया. तिकडं शेत पिकवतो, हितं मासली टिकवतो.’’

यंत्र बंद पडल्यावर मी मला सुचेल ते केले. बर्फ साठला की यंत्र थांबवणारी दांडी वर अडकली नव्हती. फ्रीझरचे तापमान उणे 18 अंश होते. आत बोट घातले, तेव्हा पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा बुच बसलेला लागला. फ्रिज बंद करून, कोमट पाण्यात बुडवलेले फडके धरून मी तो वितळवला आणि कृतकृत्य झालो. दोन दिवसांनी नळी पुन्हा बुजली. पुन्हा वितळवली, पुन्हा बुजली. शेवटी कारागिराला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि आतील सगळे यंत्रच बदलावे लागेल असे सांगितले.

दरम्यान ट्रेमध्ये पाणी गोठवून आम्ही वेळ निभावत होतो. पण ते खडे मोठे होत, फोडले की वेडेवाकडे तुटत आणि माझ्या वहीतील हिशेब चुके. मी एक तुकडा कमी देई, कधी अर्धा परत घेई. वडिलांनी मागणेच सोडून दिले होते. ते मला त्यांच्या शिस्तीचे लक्षण वाटले.

कारागीर गेल्यावर ते खाटेवरून म्हणाले, ‘‘बरफ कुठं अडलाय ते नको बघू. पानी कुठनं येतंय ते बघ.’’

मी फ्रिज भिंतीपासून ओढला. ते स्टूल घेऊन मागे बसले. वीज बंद केली, पाण्याची तोटी बंद केली आणि त्यांनी बोट दाखवले तसा तळाजवळचा व्हॉल्व्ह सोडवला. त्याच्या तोंडाशी नखाएवढी जाळी होती. आमच्या विहिरीच्या जड पाण्यातील क्षार तिच्यावर पांढरा थर होऊन बसले होते. वडिलांनी सांगितले ते असे : जाळी तुंबली, की व्हॉल्व्हपर्यंत पाण्याचा जोर पोहोचत नाही, आणि हा व्हॉल्व्ह नीट मिटतो तो त्या जोरावरच. जोर नाही म्हणून तो पुरता मिटत नाही, थेंब थेंब गळत राहतो, आणि तो थेंब वर नळीच्या तोंडाशी जाऊन गोठतो. दोष खाली, बर्फ वर. मी आठवडाभर बर्फाशी झगडत होतो.

जाळी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवली. सकाळी थर सुटला. सगळे जोडले, नळी एकदा शेवटची वितळवली आणि वाट पाहिली. फ्रीझर पुन्हा पुरता थंड व्हायला जवळजवळ एक दिवस जावा लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे खडे पडल्याचा आवाज आला. वडील जागेच होते.

दुरुस्तीनंतरचा पहिला बर्फ खाऊ नये, म्हणून मी तो मोरीत ओतायला निघालो. त्यांनी हात आडवा केला. शेजारच्या काकूंनी नुकतेच बांगडे आणून दिले होते. वडिलांनी पातेले मागून घेतले, खडे फडक्यात गुंडाळून फोडले, तळाशी एक थर पसरला, त्यावर बांगडे मांडले, वर पुन्हा थर दिला. सुईच्या खुणांनी काळेनिळे झालेले ते हात एवढे निश्चिंत मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

तेव्हा मला उमगले, की त्यांचे न मागणे ही शिस्त नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना बर्फ पुरवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात तो मुलाकडे मागावा लागत होता. मी खडे मोजत राहिलो. त्यांचे मागणे कुठून आटले, हे पाहायचे मला सुचले नव्हते.

त्या दिवशी वही मी त्यांच्या उशाशी ठेवली. आठ खड्यांचा हिशेब त्यानंतर तेच ठेवू लागले.