आत्याआजीचा दाखला

आत्याआजी गेली. वय नव्वदीच्या घरात. अहमदनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात तिचं सगळं आयुष्य गेलं. रविवारी घंटा झाली की पांढरं पातळ नेसून, कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र काखेत घेऊन ती चर्चला निघायची. चर्चला ती 'देऊळ' म्हणायची. अक्षरओळख तिथेच झाली. नवरा लवकर वारला, तेव्हा मिशनच्या बोर्डिंगात भाकरी थापून तिने चार लेकरं शिकवली.

ती माझ्या आजोबांची सख्खी बहीण. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पुढे महारवाड्यातली अनेक घरं ख्रिस्ती झाली, त्यातल्याच एका घरात तिला दिलं. आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. एका आईची दोन लेकरं, दोन वाटा.

एम.ए.ला असताना मी तिच्याशी वाद घातला. "आजी, तू धम्मात का नाही आलीस?" ती म्हणाली, "पोरी, माझ्या लेकरांच्या हातात पाटी या देवळानं दिली. ते कसं विसरू? पण भीमजयंती मी कधी चुकवली का?" नव्हती चुकवली. दर चौदा एप्रिलला ती आमच्या वस्तीत पहिल्या रांगेत बसलेली असायची.

तिला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या घरातली सून आली, तेव्हा वर्षभर ती धड बोलली नाही. शेवटी दुखण्यात त्याच सुनेने तिचं सगळं केलं. एकाच बाकावर बसून प्रार्थना करणारेही सोयरीक जुळवताना जात बघतात. आपण बौद्ध तरी कुठे वेगळे आहोत?

जात धर्माबरोबर बदलत नाही, हे तिच्या नातवाला गावाने शिकवलं. किरकोळ कारणावरून जातीवाचक शिव्या देऊन त्याला मारलं. पोलीस ठाण्यात दाखला पाहिला आणि सांगितलं, "तुम्ही ख्रिश्चन, ॲट्रॉसिटी लागत नाही." मारणाऱ्यांनी धर्म विचारला नव्हता, कायद्याने विचारला.

ही अट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदातली. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असं त्यात होतं. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये आपला. म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षं केंद्राच्या लेखी आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून तिथेच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, तरी ती कायम आहे.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, "ते आले तर आपला वाटा कमी होईल." वाटा कमी पडत असेल तर वाढवून मागू. पण धर्मांतराची किंमत मोजलेल्या समाजानेच दुसऱ्याच्या धर्मांतराला शिक्षा म्हणून हक्क नाकारावेत, हे मला पटत नाही. ज्याला धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण बदलल्यावर संरक्षण नाही, त्याचं स्वातंत्र्य कागदावरचं.

मातीच्या वेळी पाळकांनी प्रार्थना केली. मागे आमच्या वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्यांत हात जोडून उभ्या होत्या. मूठभर माती टाकताना तिचा प्रश्न आठवला: जयंती कधी चुकवली का? आत्याआजी, तू आमच्याकडे येणं चुकवलं नाहीस. तुझ्या नातवाच्या वेळी आम्ही मात्र चुकलो. तो हिशोब आता आपण सगळ्यांनी चुकता करायचा आहे.

जय भीम.